वॉल तापेपर्यंत

अख्ख्या शहादा तालुक्यात, दारात आलेल्या व्याह्याला "या, बसा" म्हणण्याऐवजी "बठा, पन बोलू नका" म्हणणारा माणूस एकच असेल, आणि माझ्या लेकीच्या नशिबाने तो नेमका तिचा सासरा निघाला. केळीची बाग, दोन म्हशी, खाऊनपिऊन सुखी घर. स्थळ बघायला गेलो तेव्हा सगळं नीट पाहिलं होतं, फक्त मागच्या खोलीत डोकावायचं राहिलं. त्या खोलीत एक लोखंडी डबा आहे. माईकमधला बारीक आवाज मोठा करून कॉम्प्युटरकडे धाडायचा, एवढंच त्याचं काम. ट्यूब प्रीअँप म्हणतात त्याला. जुने रेडिओ आणि तंबू टॉकीजचं भंगार यांतून व्याह्यांनी तो स्वतः जुळवलेला. आत काचेच्या नळ्या, त्यांना ते वॉल म्हणतात. वॉल लालसर पेटून चांगले तापले की मगच माईकपुढे तोंड उघडायचं, हा त्या घरचा कुळाचार. "दूध तापाडाबिगर साय येस का, याही?" असं ते मलाच विचारतात. आता मी जन्मभर एसटीत कंडक्टर, धडगावच्या घाटात मागच्या सीटपर्यंत ओरडलेला माणूस. माझा आवाज कुणाला तापवावा लागला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत मी त्या खोलीत नुसता खाकरलो, तर डब्यावरचा काटा टोकाला जाऊन आपटला, आणि व्याह्यांनी दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

खोलीत शिरण्याआधी मोबाईल बाहेरच्या खाटेवर काढून ठेवायचे, कारण त्यांची किरकिर वॉल पकडतात. पंखा बंद. म्हशी लांबच्या झाडाला. शेजारच्या मळ्यात पाण्याची मोटर सुरू झाली की लाईट दबते आणि डबा गुणगुणायला लागतो. मग व्याही चप्पल घालून बांधावरून निघालेच. एकदा डोंगरातला एक म्हातारा गायला आला होता, तेव्हा मी सोबत होतो. "अर्धा तास मोटर बंद ठेव भाऊ, म्हतारा गाई ऱ्हायना," हे म्हणाले. मळेवाला म्हणाला, "केळी सुकाई जाई ना, तात्या." हे शांतपणे म्हणाले, "केळी पुढला साल बी येई. म्हतारा येई का?" त्या बिचाऱ्याने मोटर बंद केली आणि स्वतःच गाणं ऐकायला येऊन बसला. मी थट्टा पुष्कळ करतो, पण खरं ते सांगतो. त्या म्हाताऱ्याचं तेच गाणं मी मोबाईलवरही ऐकलं होतं, तिथे नुसते शब्द होते. डब्यातून आलेल्या आवाजात त्याची छाती ऐकू येत होती, धाप लागलेली, बिडीने खरवडलेली. आवाजाच्या टोचणाऱ्या कडा जातात आणि त्याला जरा अंग येतं. व्याही त्यालाच साय म्हणत असावेत.

या सगळ्यात विहीणबाईंच्या वाट्याला काय आलं, तर "गप ऱ्हाय." डबा पेटला की त्या हातातल्या बांगड्या काढून ठेवत, फोडणी थांबवत आणि ओट्याशी उभ्या राहत. गंमत बघा, त्या गावात विहीणबाई आल्याशिवाय कुठल्या नवरीची हळद सुरू होत नसे. जात्यावर हळद दळताना पहिली ओळ त्यांनीच उचलायची. व्याह्यांच्या कपाटात भजनी मंडळं आहेत, काठी गावच्या होळीचे ढोल आहेत, बायकोचा मात्र एक शब्द नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणायचं?

गेल्या वर्षी विहीणबाईंचा घसा बसला तो बसलाच. सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. व्याही घरी येऊन जेवले नाहीत. विहीणबाईंनी एवढंच मागितलं, "नातनी हयदले मन्हा गया ऱ्हावाव नही. आतेच भरी ल्या." नातीच्या हळदीला गळा उरणार नव्हता, म्हणून गाणं आत्ताच भरून हवं होतं. नात म्हणजे माझीही नात, चौथीत आहे. त्या गाण्यात पहिल्या ओळीत देवीचं आणि नवरीचं नाव घेतात, आणि जातं फिरल्याशिवाय विहीणबाईंना गाणं सुचत नाही. ज्या खोलीत पंखा चालत नव्हता, त्या खोलीत व्याह्यांनी स्वतः जातं उचलून आणलं.

मी कोपऱ्यात बसलो होतो. सकाळपासून वॉल तापत ठेवलेले. विहीणबाईंनी जात्यात हळकुंडं घातली, खुंट्याला हात लावला, आणि लाईट गेली. लगेच आलीही, कॉम्प्युटर बॅटरीवर चालूच राहिला, पण वॉल तोवर विझले होते. विहीणबाईंना त्याचं काय? त्यांनी डोळे मिटून गायला सुरुवात केली, बसल्या घशाने, पण सुरात. डबा काही घेत नव्हता, काटा मेल्यासारखा पडून होता. व्याह्यांचा हात गप करायला वर गेला, आणि तसाच खाली आला. जन्मभर जिला गप केलं, तिला त्या दिवशी थांबवायचं त्यांच्याने झालं नाही. वॉल पुन्हा तापेपर्यंत पहिली ओळ निघून गेली होती. गाणं संपल्यावर त्यांनी हात जोडून ती पुन्हा मागितली. विहीणबाई नाही म्हणाल्या. "हयद काय दोनदा लागस का?" नवरीचं नाव हळदीला एकदाच घ्यायचं, दुसऱ्यांदा घेतलेलं अशुभ. नातीच्या बाबतीत त्या हे कसं करणार?

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला गेलो. विहीणबाईंची तब्येत छान, गळ्याभोवती पातळ फडकं. जेवल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी मला हातानेच दटावलं. व्याह्यांनी विहीणबाईंना आणि मला मागच्या खोलीत नेऊन ते भरलेलं गाणं लावलं. आधी काहीच नाही, नुसती शांतता. त्या शांततेत विहीणबाईंचे ओठ हलत होते. देवीचं नाव झालं, मग नातीचं, मला अगदी स्पष्ट कळलं. ओळ संपली तसा जात्याच्या घरघरीतून त्यांचा आवाज हळूहळू वर आला. व्याही काट्याकडे बघतच नव्हते.

"हयदले हाई लावानं, याही," ते बायकोकडे बोट करत म्हणाले, "आन् इले समोर बसाडानं. नाव तीच लेई."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. नात अजून लहान आहे, तिच्या लग्नाला पुष्कळ वर्षं आहेत. तोवर विहीणबाईंना ठेव, एवढंच मी हल्ली देवीकडे मागतो.