ताऱ्यांची ओळ आणि ध्रुपद

घनसावंगीत कॉम्प्युटर म्हणजे मच्छिंद्र सर, असं अठ्ठ्याण्णव सालापर्यंत सगळं गाव धरून चाललं होतं. अण्णासाहेबांच्या क्लासात शिकवणारे ते एकटेच. रीत पाढ्यांची, प्रोग्रॅम आख्खा पाठ करायचा. पोरांची नावं छापायची आणि प्रत्येक नावाखाली ताऱ्यांची, म्हणजे * या खुणेची, ओळ; ती ओळ दर वेळी नव्यानं टाइप करायची. हात दुखले की विद्या मुरते, असं त्यांचं मत. गुरुवारी मात्र हाच कडक माणूस भजनात बसला की ऐकत राहावं असा गळा.

मग त्यांचाच विद्यार्थी वसंता औरंगाबादेहून शिकून आला आणि अण्णासाहेबांनी त्याला दुसरा मास्तर म्हणून ठेवलं. बघता बघता पोरं वसंताच्या बाकांकडे सरकली. सरांच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते काही ओव्यानं थांबणारं दुखणं नव्हतं.

एके दिवशी प्लायवूडच्या आडोशाला उभं राहून त्यांनी कान दिला. वसंता फंक्शन समजावत होता. भजनाच्या पुस्तकात ध्रुपद एकदाच छापलेलं असतं, पुढं प्रत्येक कडव्याखाली नुसती त्याची खूण; खूण आली की सगळे आख्खं ध्रुपद म्हणतात. तशी ताऱ्यांची ओळ एकदाच लिहायची, तिला नाव द्यायचं आणि पाहिजे तिथं नावानं बोलवायची. पोरांना चटकन उमगलं. सरांचा जीव जळाला. इतकी वर्षं ध्रुपद म्हणतो आपण, आणि सुचावं या कालच्या पोराला!

त्यात साखर कारखान्यातल्या लोकांची नवी बॅच ठरली. ती दोघांपैकी एकालाच मिळणार होती. शनिवारी दोघांनी फंक्शन शिकवून दाखवावं, असं अण्णासाहेब म्हणाले. बॅच गेली की खुर्चीही गेली, हे सर ओळखून होते. त्यांनी गुपचूप पुस्तक उघडलं.

शनिवारी वसंताचं झकास झालं. मग सर उठले. फंक्शन रुबाबात लिहिलं, नाव दिलं, प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर नावं आली, तारा एकही नाही. पुन्हा चालवला, तेच. सरांना घाम फुटला. तेवढ्यात वसंता पाण्याचा ग्लास द्यायला वाकला आणि त्यांच्या कानाशी म्हणाला,

"सर, ध्रुपद लिहिलं तुम्ही. म्हणायचंच राह्यलं."

सरांनी प्रत्येक नावाखाली फंक्शनला बोलावलं. तारे आले. अण्णासाहेब खूश.

"चूक कशी होते ते मुद्दाम दाखवलं सरांनी. बराबर. बॅच सरांचीच."

सरांनी पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. वसंतानं रिकामा ग्लास उचलून नेला.

बॅच मिळाली आणि हेवा दुप्पट झाला. वसंता हुशार होता एवढं त्यांना कसंबसं गिळता आलं असतं. त्यानं दया केली, हे पचेना.

गुरुवारी वसंता टाळ घेऊन त्यांच्या मागंच बसला. सरांनी कडवं संपवलं. ध्रुपदाची वेळ आली आणि गळा उघडेना. मागून वसंतानं ते उचललं, सगळे त्याच्यामागून म्हणू लागले, आणि थोड्या वेळानं सरही.