सुई टोचली नाही, एवढंच खरं

आमच्या घरात कोंबडी कोणी खाल्ल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि मी पाचशे कोंबड्या पाळल्या. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नव्या कचेरीत नव्या खुर्च्या होत्या, आणि माझ्यासारख्या बेकार पदवीधरांना वाटायला योजना होत्या. मी चाकूरच्या लिंगायत दुकानदाराचा मुलगा. बी.कॉम. होऊन वडिलांच्या गल्ल्याशेजारी माशा हाकत बसलो होतो. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती आणि दुकानात गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी कागदोपत्री कुक्कुटपालक झालो आणि घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड उभं केलं.

वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आई तेवढं म्हणाली, "पाळ बाबा, इकू बी. पण आंघोळ केल्याबगर माझ्या चुलीपाशी यायचं न्हाई." म्हणून अख्खा गाव हंडाभर पाण्यासाठी रांग लावत असताना मी दिवसातून दोनदा आंघोळ करायचो. ते पाप वेगळंच.

त्या काळी आमच्याकडे ब्रॉयलर कोंबडी म्हणजे नवल होतं. गावरान कोंबडी मोठी व्हायला निम्मं वर्ष खाते, आणि माझी दोन महिन्यांत तयार. त्यामुळे गावभर एकच बोलवा, की आप्पा, म्हणजे मी, सुई टोचून कोंबड्या फुगवतोय, वाढीची सुई. असली कोंबडी खाल्ली की पोरी लवकर वयात येतात, असंही बाया कुजबुजायच्या. मला त्याचा भयंकर राग यायचा. कारण सुई मी खरंच कधी टोचली नव्हती. जातच तशी वाढणारी होती, खाद्यही तसंच होतं. कोणी विचारलं की मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगायचो, "लिंगाची आण, एक सुई टोचली नाही." लिंगायताची लिंगावरची आण म्हटल्यावर माणसं पुढं बोलायची नाहीत.

पुडीबद्दल मात्र कोणी विचारलं नाही, आणि मी होऊन सांगितलं नाही. कोंबड्यांच्या नाकातून पाणी येऊ लागलं, त्या माना टाकू लागल्या, की लातूरच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानातून आणलेली पुडी मी पिण्याच्या पाण्यात कालवायचो. आत पेनिसिलीन होतं. पुडीवर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, की औषध बंद केल्यावर आठवडाभर कोंबडी विकू नये. ते मी वाचलं होतं. पण आठवडाभर थांबायचं तर पाचशे कोंबड्यांना पाणी कुठलं पाजायचं? टँकर दोन दिवसांआड यायचा, तोही आला तर. पत्र्याखाली रोज दहा-बारा कोंबड्या उन्हानं मरत होत्या. मी पुडी द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी विकायचो. आणखी एक गोष्ट आज लिहायला लाज वाटते. आमच्या घरात कोणी खात नव्हतं, म्हणून खाणाऱ्याच्या पोटाची काळजी मला कधी वाटलीच नाही. कोणी सोडा विकतो, कोणी घासलेट विकतो, तशी मी कोंबडी विकत होतो.

आमच्या समोर एसटीतल्या कंडक्टरचं घर होतं. तो सदा ड्यूटीवर. घरात त्याची बायको, त्याची आई आणि सात-आठ वर्षांची एक मुलगी. मी त्या बाईला वहिनी म्हणायचो, ती मला आप्पा. तिचं माहेर कंधारचं. उन्हाळ्यात माहेरी गेली असताना मुलीचा घसा सुजला, ताप आला, म्हणून नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं इंजेक्शन दिलं आणि पोरीचं अंग सुजलं, ओठ सुजले, श्वास अडकला. कशीबशी वाचली. परत आली तेव्हा पोरीची नुसती काडी झाली होती.

एके सकाळी वहिनी एक कागद घेऊन शेडपाशी आली. डॉक्टरांनी पोरीला कोंबडीचा रस्सा पाजायला सांगितलं होतं.

"आप्पा, तुमच्या कोंबड्यांला सुई टोचताव का ओ?" ती म्हणाली. "खरं सांगा. माझ्या पोरीला सुईचं बाधलंय. आन ह्या कागदावर काय काय चालत न्हाई लिवलंय म्हणं. तेवढं वाचून दावा."

मी कागद वाचला. दोनच ओळी होत्या. या मुलीला पेनिसिलीन कधीही देऊ नये. खाली लाल रेघ मारलेली होती. वहिनीच्या मागेच पाण्याची भांडी होती, आणि त्यात आदल्या संध्याकाळीच मी पुडी कालवली होती.

मला कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही. मला कळलं होतं. पण शेडच्या तोंडाशी आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती. पाण्यात औषध आहे म्हणालो असतो तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं आणि माझी एक कोंबडी कोणी उचलली नसती. मी मनाशी म्हणालो, पाण्यातलं औषध ते, मांसात कितीसं उतरणार? शिवाय ही तासभर शिजवणार. आपल्याला हवं ते पटवून घ्यायला माणसाला किती कमी वेळ लागतो!

"एक औषध देऊ नका म्हणतायत," मी म्हणालो. "कोंबडीचं काही लिहिलेलं नाही." आणि गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "लिंगाची आण वहिनी, एक सुई टोचली नाही."

"मग देवाची किरपा," म्हणत ती चांगली जाडजूड कोंबडी निवडून घेऊन गेली.

दिवस मावळायच्या आत समोर रडारड सुरू झाली. पोरीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, डोळे सुजून मिटले होते. कोणाची तरी जीप थांबवून तिला लातूरला नेलं. ती जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी ओट्यावर उभा होतो. मग शेडमध्ये जाऊन पाण्याची सगळी भांडी पालथी केली. पोरगी दोन दिवसांनी बरी होऊन आली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काही औषध दिलं होतं का? वहिनी म्हणाली, न्हाई. काय खाल्लं? कोंबडीचा रस्सा आणि वांग्याचं भरीत. डॉक्टर म्हणाले, कशानंही होतं. खरंच वांग्यानं झालं असेल का? मला आजही ठाऊक नाही. आता कोणी सांगूही शकणार नाही.

गल्लीत मात्र लोक कोंबडीचंच नाव घ्यायला लागले. तेव्हा माझ्या बाजूनं भांडली कोण, तर वहिनीच. "आप्पानं लिंगाची आण घेतलीय," ती भर गल्लीत म्हणाली. "मीच मेली वांगं खाऊ घातले." मी दुकानातून ऐकत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं होतं.

होती ती खेप संपली आणि मी पुन्हा पिल्लं आणली नाहीत. पाणी नाही, असं सगळ्यांना सांगितलं. वर्ष गेलं. त्या वर्षीही पाऊस यथातथाच. एका दुपारी मी उघड्या अंगानं ओट्यावर बसलो होतो, तेव्हा वहिनी आली. पोरगी पुन्हा तापानं खंगली होती.

"मालक लातूरहून ब्रॉयलर आणणार हायेत," ती म्हणाली. "तुमची असती तर फिकीर नव्हती."

"तिला ब्रॉयलर देऊ नका," मी म्हणालो. "गावरान द्या."

"का ओ?"

"देऊ नका म्हणतो ना!"

"सुई न्हवती ना आप्पा?"

"नव्हती."

"मग काय व्हतं?"

इतका सरळ प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला होता. मी सांगितलं. पाण्यात पुडी होती, तेच औषध, मला माहीत होतं, सगळं. ती ओरडेल असं वाटलं होतं, मी तयारही होतो. ती ओरडली नाही.

"चला मग," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता माझ्या सासूला सांगा. वरीस झालं, पोरीला माझ्या हातचं खाऊ देत न्हाईत. आईनंच इख घातलं म्हणतेत. पोरगी बी आता माझ्या हातचा घास घेत न्हाई."

मी समोर राहत होतो आणि मला याचा पत्ता नव्हता.

"सदरा घालून आलोच," मी म्हणालो आणि आत गेलो. सदरा घातला, बटणं लावली. पलीकडच्या घरात ती म्हातारी असेल, पोरगी असेल, शेजारीपाजारी जमतील, वडिलांच्या कानावर जाईल. मी कोठीच्या खोलीत पोत्यावर बसून राहिलो. दाराच्या फटीतून वहिनी दिसत होती. डोक्यावर पदर ओढून उन्हात उभी.

"आप्पा?" तिनं हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा, "येताव ना?"

आई चुलीपासून म्हणाली, "अरे, कवापस्नं हाका मारायलीय ती. ओ दे की."

मी दिली नाही.