पाण्याखालच्या गावाचा पडदा

मूल गावाच्या आसपासच्या धानपट्ट्यात नाटकांचे पडदे रंगवणारा म्हणजे देवाजी. राजवाडा, रस्ता आणि जंगल, हे तीन पडदे तो डोळे मिटून काढायचा. पंचावन्न सालच्या दिवाळीआधी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि हात लुळा पडला. गावच्या नाटक मंडळीचे बापूजी पडद्यासाठी दिलेलं मांजरपाटाचं कापड परत न्यायला आले, तेव्हा देवाजीची मुलगी वच्छला म्हणाली, "कापड राहू द्या, भाऊ. पडदा मी काढीन."

गावातच दिलेली ही पोर लहानपणापासून बापाचे रंग खलत आली होती. तिच्या नवऱ्यानं, सुकलूनं, अंगणात बांबूची चौकट उभी करून दिली. वच्छलानं कापडाला भाताच्या पेजेची खळ दिली, गेरू, चुना, काजळ, नीळ डिंकात कालवली आणि कामाला लागली.

आठवड्यानं बापूजी पाहायला आले. पडद्यावर तलावाचा तळ होता. तळाशी अख्खं गाव वसलेलं, घराघरांत दिवे लागलेले. गाई शेवाळ चरत होत्या आणि कौलांवर चिमण्यांसारख्या मासोळ्या बसल्या होत्या.

"हे काय काढून राह्यली तू? राजवाडा कुठी आहे?"

"राजवाडा जुनाच लावा, बाच्या हातचा. हा राणीच्या सपनाच्या प्रवेशाले आहे."

"असं गाव कुठी पाह्यलं तू?"

"झोपेत पाह्यलं."

"लोक हसतील, वच्छला."

"हसू द्या. पण पाहतील."

खाटेवरून देवाजी मघापासून पडदा निरखत होता. तो म्हणाला, "मासोळ्यांले सावली नाई दिली. दिवे खाली आहेत, तं सावली वर पडन." वच्छलानं कुंचला उचलला आणि मासोळ्यांच्या पाठींवर काळसर रंगाचा हात फिरवला.

नाटकाच्या दिवशी तो पडदा सुटला आणि कोणीच हसलं नाही. पुढच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. राजा झालेला लच्छू आपलं भाषण विसरून मागे वळून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी बायका उजेडात पडदा पाहायला आल्या आणि त्यातलं कोणतं घर कोणाचं यावर त्यांची चांगलीच जुंपली.

महिन्याभरात चामोर्शीहून पोचू नावाचा मंडळीवाला बैलगाडी घेऊन आला. त्याला तोच पडदा हवा होता.

"तो काढून झाला," वच्छला म्हणाली. "तुमच्यासाठी दुसरा काढीन."

पण दुसरं स्वप्न काही पडेना. ती लवकर झोपू लागली, उशी बदलून पाहिली. सुकलू म्हणाला, "आता दिवसाही झोप." तीही हसली, पण कापड कोरंच होतं.

एका सकाळी ती खळ्यावर धान पाखडत होती. समोरून भाताच्या तणसानं लादलेल्या बैलबंड्या चालल्या होत्या. बैल तणसाखाली झाकले गेले होते. ढीगच चालत निघाल्यासारखे दिसत होते. तिला वाटलं, झाडंच निघाली तर? अख्खं जंगल बाजाराला निघालं तर? मोहाच्या डोक्यावर टोपली असेल. साग आपल्याच पानाची छत्री धरेल. बांबू मात्र बायकांसारखे घोळक्यानं, बोलत बोलत चालतील. ती पूर्ण जागी होती आणि चित्र डोळ्यांसमोर लख्ख उभं होतं. सूप खाली ठेवून ती तडक घरी गेली.

आता तर झोपेची वाट पाहायचं कारणच उरलं नव्हतं. हवं तिथे थांबता येत होतं, नको ते झाड मागे पाठवता येत होतं. बाजाराच्या वाटेवर तिनं एक म्हातारी बोर बसवली, पाय दुखतात म्हणून.

पोचू पडदा न्यायला आला आणि बराच वेळ बघत राहिला.

"हे बी सपनातलंच का, बाई?"

"नाई," वच्छला म्हणाली. "हे जागेपणी केलं मी. ठरवून."

त्यानं पडदा गुंडाळायला हात घातला, तसं तिनं त्याला थांबवलं. कडेचा पळस अजून ओला होता.