हरिहरेश्वरच्या कड्याखालून मी भलताच माणूस वर काढला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे चहा सांडायला नको. आणि एक आधीच सांगून ठेवते. फजिती झाली ती झाली, पण चूक माझी होती हे मी आजही मानत नाही!

आमची हरिहरेश्वरला घरगुती खानावळ. देवळामागचे खडक तुम्हाला माहीत असतील. शेवाळ असं की बघतानाच पाय सटकतो. आणि पर्यटक! फोटोसाठी हे लोक लाटेच्या तोंडात जाऊन उभे राहतात. दरवर्षी कुणीतरी घसरतं, कुठेतरी अडकतं, मग गावाची धावपळ. म्हणून गावातल्या आम्ही काही जणांनी दोरांनी माणसं वर काढायचं पथक केलं. शिकवायला भोईर सर. पेणकडचे, उभी हयात डोंगरात गेलेली.

मी नाव दिलं तेव्हा गजाभाऊ काय म्हणाला माहितेय? हा गजाभाऊ म्हणजे आमचा शेजारी, रिक्षावाला आणि पथकाचा स्वयंघोषित कप्तान.

"वहिनी, तुम्ही आपलं वर थांबून पोह्यांचं बघा. दोराबिराचं आम्ही बघू."

पोह्यांचं! डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! म्हटलं, थांब गजा, तुला दाखवतेच.

मग काय, घरात एक वस्तू सुटी राहिली नाही. गॅसच्या शेगडीला आठाची गाठ, पाण्याच्या पिंपाला फास, दाराच्या कडीला दोर. नवरा खुर्चीत डुलकी काढत होता, त्यालाही खुर्चीसकट बांधला. जागा झाल्यावर म्हणाला, "कुंदा, निदान चहा तरी हाताशी ठेवून जा."

शेवटी परीक्षेचा दिवस आला. पास होईल तो खऱ्या अपघाताच्या वेळी खाली उतरणार, नापास होईल तो वर दोर ओढणार. आणि मी नापास झाले तर काय करणार, हे गजाभाऊच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. पोहे!

सरांनी सगळं समजावून सांगितलं. "खाली कड्याच्या पायथ्याला एक माणूस पडलेला हाय. महाडच्या पथकातला निखिल. पाय मोडलाय, डोक्याला मार लागलाय. पँटीवर लाल रंग लावलाय, तोच त्याचा रक्त. आता नीट ऐका. डोक्याला मार लागलेला माणूस काय पण बरळतो. मी बरा हाय म्हणंल, सोडा म्हणंल, शिव्या पण दील. आपण ऐकायचा न्हाय. गोड बोलायचा, बांधायचा आन् वर आणायचा."

तुम्हीच सांगा, यात न समजण्यासारखं काही आहे का?

माझा नंबर आला. हार्नेस आवळला, हुक दोनदा तपासले, आणि उतरले. खाली वारा असा की वरचं एक अक्षर ऐकू येईना. पाठोपाठ स्ट्रेचर आलं. आणि बघते तर काय, सपाट खडकावर एक किडकिडीत माणूस पडलेला! तोंडावर टॉवेल, एक पाय वाकडा दुमडलेला, पँटीवर लाल डाग.

म्हटलं, सापडला निखिल!

शिकवल्याप्रमाणे आधी पाय स्ट्रेचरवरच्या फळ्यांमध्ये धरून बांधले. तेवढ्यात त्याने तोंडावरचा टॉवेल काढला आणि माझ्याकडे भूत बघितल्यासारखं बघितलं.

"कोण गं तू? काय करतंस?"

"घाबरू नका हं. मी कुंदा, तुम्हाला सोडवायला आलेय. नाव काय तुमचं?"

शुद्धीवर आहे का बघायला आधी नाव विचारायचं असतं. तेही विसरले नाही मी!

"लियाकत!"

अरे देवा! पोराला स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं! मार भलताच जोरात बसला म्हणायचा. शिवाय त्याच्या दाढीत पांढरे केस. मनात म्हटलं, महाडकडे पोरं लवकर पिकतात वाटतं.

"बरं, लियाकत तर लियाकत. रक्त खूप गेलंय, हलू नका."

"अगे बाई, ता रगत मासल्याचा हाय! मी हितं गरी लावून बसलोय! मला काय झालेला न्हाय!"

"असंच वाटतं सुरुवातीला," मी गोड बोलले, त्याला स्ट्रेचरवर सरकवलं आणि छातीवरचा पट्टा आवळला.

आता बघा, माणूस किडकिडीत आणि मी रोज पंगतीच्या पंगतींना पुरेल एवढी कणीक तिंबणारी. किती झटापट चालणार? हातही गेले पट्ट्याखाली. आणि नेमकी तेव्हाच खडकाच्या फटीत खोचलेली त्याची गळाची काठी कमानीसारखी वाकली!

"या अल्ला! तांबोशी! तांबोशी लागली गे! सोड मला! कुवेतवरून आल्यापासून हिचीच वाट बघतोय!"

काय सांगू तुम्हाला, मी भारावले. असा अभिनय! काठीसुद्धा आणलीय, मासासुद्धा लावलाय! महाडचं पथक म्हणजे काय तयारीचं!

काठी फटीतून निसटली, खडकावरून खडखडत गेली आणि समुद्रात गुडुप झाली. त्या माणसाने जी किंकाळी फोडली ती तर मोडक्या पायाची म्हणून एकदम पटली. मी शिट्टी फुंकली. वरच्यांनी ओढायला घेतलं.

स्ट्रेचरबरोबर मीही दोराला लोंबकळत, कडा अंगाला लागू नये म्हणून त्याला सांभाळत चालले होते. तो वाटभर मला, माझ्या माहेराला, सासरला आणि सगळ्या पथकाला शिव्या घालत होता. मी म्हणत होते, "छान, छान. बोलत राहा, झोपायचं नाही."

काठाला पोचलो. त्यांनी स्ट्रेचर आत ओढून घेतलं. मी अजून काठाखालीच. दोर पक्का होता, पण वर यायला कुणीतरी हात द्यायला हवा ना? तेवढ्यात वरून गजाभाऊचा आवाज.

"सर, हा कोण?"

"मला काय म्हाईत? आपला न्हाय."

"अहो, हे तर बागमांडल्याचे लियाकतभाई! कुवेतला असतात! सुट्टीवर आलेत. लियाकतभाई, तुम्ही पडलात कुठून?"

"पडलो?" तो माणूस कडाडला. "मला बांधून आणलाय! ती बया कुठं हाय?"

ती बया कड्याला लटकली होती. आणि त्या क्षणी तिला वाटत होतं की दोर थोडा लांब असता तर बरं झालं असतं.

वर जो गोंधळ सुरू झाला, त्यात माझी कुणाला आठवणच नाही. मी हाका मारतेय, "अहो! मी इथे!" वारा सगळं पळवतोय. शेवटी काठावरून एक पोरगं डोकावलं. कंबरेपर्यंत भिजलेलं, पँटीवर लाल रंगाचे ओघळ.

"ताई, हात द्या."

"तू कोण रे?"

"मी निखिल. पलीकडच्या खडकामागे पडलो होतो. भरतीचं पाणी कंबरेला लागलं, कोणी येईना, मग आलो पायऱ्यांनी चालत."

म्हणजे, ज्याला मी वाचवायचं त्यानेच मला बखोटीला धरून वर घेतलं! पण मान खाली घालीन तर कुंदा कसली? कपडे झटकले आणि सरळ सरांसमोर उभी राहिले.

"सर, तुम्ही म्हणालात ऐकायचं नाही. मी नाही ऐकलं. म्हणालात लाल डाग. होता लाल डाग. आणि ते बघा, हे झोपले होते त्या खडकावर पाणी आलंय! मी नसते तर हे बुडाले असते. आभार मानायला हवेत त्यांनी माझे!"

तेवढ्यात स्ट्रेचरमधून टिंग टिंग टिंग. लियाकतभाईंच्या खिशात मोबाईल वाजत होता.

"भरतीचा गजर लावलेला," ते दात खाऊन म्हणाले. "आता तो तरी बंद करा कोणी. माझे हात बांधलेले हायत."

सरांनी वाकून सगळे पट्टे तपासले. गाठी ओढून बघितल्या. चुकीच्या माणसाची एकही गाठ हलेना. बराच वेळ ते तोंड फिरवून खांदे हलवत होते. मग गंभीरपणे म्हणाले, "बांधणी एक नंबर. उतरणं एक नंबर. माणूस तेवढा दुसऱ्याचा."

आणि मला नापास केलं! अहो, कामात एक चूक नाही आणि नापास! मी तिथल्या तिथे भांडून पुन्हा परीक्षा मागितली. संध्याकाळच्या आत मिळवली. निखिलला पुन्हा भिजायला लावलं, "आईचं नाव काय, गाव कुठलं, आधार कार्ड आहे का" इथपर्यंत विचारलं आणि मगच बांधला. पास झाले! आज खरी घटना घडली की खाली मीच उतरते आणि गजाभाऊ वर दोर ओढतो.

तांबोशीची भरपाई म्हणून लियाकतभाई सुट्टी संपेपर्यंत बायकोला घेऊन आमच्याकडे जेवायला यायचे. माझा वाचवलेला माणूस म्हणून मी हक्काने वाढायचे. रोज ताटात बघून ते एकच म्हणायचे, "चव चांगली हाय, पण तांबोशी ती तांबोशी."

सगळं मिटलं, पण पथकातल्या कार्ट्यांनी माझं नाव काही सोडलं नाही. सरावात कुणी चुकीचा दोर उचलला की ओरडतात, "कुंदा झाली रे!" पथकातून ते बाजारात गेलं. मासळीवालीने भलत्याच गिऱ्हाईकाला पिशवी दिली, कुंदा झाली. पाहुणा भलत्याच लॉजवर उतरला, कुंदा झाली. मी म्हटलं, बोला! रस्त्याला नाव द्यायला माणूस मरावा लागतो, माझं जिवंतपणी गावभर चालतंय!

परवा मात्र हद्द झाली. नवरा देवळातून आला तो कुणाच्या तरी नव्याकोऱ्या चपला घालून. मी दारातच अडवलं. "अहो, या कुणाच्या?"

त्याने पायांकडे बघितलं, जीभ चावली आणि मला म्हणाला, "अगं बाई, कुंदा झाली की!"

आणि वर मलाच विचारतो, "हसतेस काय?"