डाव्या खांद्याची रायफल

अर्व्हिड निस्कालाला रायफल विकू नकोस, असं बर्निस ट्रुडेलच्या दुकानात जाऊन सांगणारा माणूस मी. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कळलं तर तुम्हाला वाटेल, मी लपवत होतो.

अर्व्हिड माझ्या थोरल्या बहिणीचा, सेल्माचा नवरा. आमच्या टॅमरॅक क्रीकच्या सॉ मिलमध्ये तो अठरा वर्षं मोठ्या गोल करवतीवर होता आणि मी त्याच छपराखाली फळ्या निवडायला. चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये करवतीतून लाकडाची एक गाठ उडाली, त्याच्या चष्म्याची उजवी काच फोडून आत गेली आणि डोळा संपला.

त्या करवतीपुढे लोखंडी जाळी असायची. भुसा अडकला की ती खोलून साफ करावी लागे आणि त्यात पाळीची दहा मिनिटं जात. म्हणून फोरमन डेल क्रोझियरने ती तीन आठवडे आधी काढायला लावली होती. बॉयलरच्या शेडमागे पडलेली ती जाळी आम्ही सगळेच येता-जाता बघत होतो. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो तर जाळी जागेवर, नव्याकोऱ्या स्क्रूंनी बसवलेली. डेलने अहवालात लिहिलं, जाळी होती, कामगाराने चष्मा घातला नव्हता.

चष्मा घातला नव्हता! मग डॉक्टरने त्याच्या डोळ्यातून चिमट्याने काढली ती काच काय खिडकीची होती?

डेलने आम्हा सहाजणांकडून एकेक ओळ लिहून घेतली. मी लिहिलं, 'माझी पाठ होती, मला काही दिसलं नाही.' पाठ होती हे खरंच. जाळीबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतर अर्व्हिडच्या घरी मी दोनदाच गेलो. तो अंगणात ओंडक्यावर बसलेला असे, तोंड मिलच्या रस्त्याकडे. डेलची हिरवी गाडी गेली की त्याच्या जबड्याची हाडं हलत. सेल्माने वेलदोड्याचा पाव आणि कॉफी पुढे ठेवली तरी मी तसंच सोडून उठत असे. आमच्याकडे हरणाची शिकार म्हणजे हिवाळ्याचं मांस. पंधरा नोव्हेंबरला शिकारीचा मोसम उघडतो, त्या दिवशी मिलसुद्धा बंद असते. अर्व्हिडचा नेम गावात सगळ्यांत चांगला होता. पण त्याची रायफल बोल्टची, उजव्या खांद्याची. ऑगस्टमध्ये ती घेऊन तो खडीच्या खाणीत गेला आणि डाव्या खांद्याला लावून पाहिली. बोल्टची मूठ उजवीकडे. दर गोळी झाडल्यावर ती मागे ओढायला डावा हात नळीवरून पलीकडे न्यायचा, की रायफल खांद्यावरून घसरलीच. त्याच आठवड्यात त्याने ती विकून टाकली आणि सेल्माला म्हणाला, "आता लिव्हरवाली घेणार."

सेल्माने हे मला सहज सांगितलं. मला मात्र ती हिरवी गाडी आठवली, तो जबडा आठवला. आणि मी बर्निसकडे गेलो.

बर्निसचं दुकान म्हणजे खिळे, दोर, बूट, मासे पकडायचे गळ आणि मागच्या भिंतीवर रायफली. मी म्हणालो, "अर्व्हिड आला तर थोडे दिवस टाळ. त्याचं डोकं ठिकाणावर नाही."

"तो असं काही बोलला का?" तिने विचारलं.

"बोलला नाही. म्हणून तर."

बर्निसने त्याला तीनदा परत पाठवलं. एकदा म्हणे माल आला नाही, एकदा म्हणे विक्रीचे सरकारी फॉर्म संपलेत, एकदा म्हणे भिंतीवरच्या सगळ्या कुणाकुणाच्या राखून ठेवलेल्या आहेत. चौथ्या दिवशी शेरीफचा एक शिपाई अर्व्हिडच्या दारात उभा राहिला आणि टोपी काढून म्हणाला, "काही नाही, सहज विचारपूस करायला आलो. ऐकलं, तू बंदूक शोधतोयस." बर्निसने कुणाजवळ तरी बोलून दाखवलं होतं आणि ते फिरत फिरत तिथवर गेलं होतं.

शनिवारी दुपारी मी घरामागे सरपण रचत होतो. अर्व्हिडची गाडी कचकन थांबली. दार न लावताच तो आला.

"बर्निसला काय सांगितलंस?"

"अर्व्हिड, आधी ऐक..."

"काय सांगितलंस?"

मी सांगितलं. सगळं. तो माझ्या इतका जवळ उभा होता की काळ्या पट्टीखालचा ओला व्रण मला दिसत होता.

"माझा डोळा गेलाय, व्हिक. डोकं नाही गेलं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "डेलने सगळं माझ्या माथी मारून खोटं लिहिलं, तेव्हा शेरीफकडे कोणी गेलं? कोणी नाही. आणि मी मांसासाठी रायफल मागितली, तर माझ्या दारात पोलीस! सेल्मा दारात उभी होती. शेजारी बघत होते. तुला डेल क्रोझियरच्या जिवाची काळजी वाटली. माझी किती वाटली? दोनदा आलास. दोन्ही वेळा माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीस."

"मला भीती वाटली."

"कोणाची? माझी? की तू लिहिलेल्या त्या ओळीची?"

हातातलं लाकूड खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"मला डेलला आडवा पाडायचा नाही. मला त्याला उभा करायचाय. सरकारी चौकशीत, शपथ घ्यायला लावून, सगळ्यांसमोर. मेलेला माणूस खोटं कबूल करत नाही. एवढं तुझ्या डोक्यात कसं आलं नाही, गाढवा? चल, बस गाडीत."

"कुठे?"

"दुकानात. घाण तू केलीस, पुसायलाही तूच."

दुकानात शनिवारची गर्दी होती. काउंटरला टेकून लेस्टर बोगन उभा होता. हा माणूस न विचारता सल्ला देण्यासाठी गावात प्रसिद्ध. अर्व्हिडने मला काउंटरपुढे ढकललं.

"सांग तिला."

मी म्हणालो, "बर्निस, मी चुकीचं बोललो. त्याने कुणाला काही धमकी दिलेली नाही. माझ्याच मनात आलं आणि मी येऊन बोललो."

बर्निस लाल झाली. "अर्व्हिड, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं मला. मी तुझ्याकडून वीस वर्षं काडतुसं घेतोय. एकदा तोंडावर विचारायचंस. 'अर्व्हिड, तू डेलला मारणार आहेस का?' मी नाही म्हटलं असतं. संपलं असतं. आता त्या दोन रायफली खाली काढ. आणि दारू नसलेली नकली काडतुसं आहेत ना तुझ्याकडे? तीही दे."

तिने निमूटपणे दोन्ही काढल्या. दोन्ही लिव्हरच्या. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की जुनं काडतूस बाहेर, वर घेतली की नवं आत. डावा हात असो की उजवा, तिला फरक पडत नाही. पण अर्व्हिडला जे बघायचं होतं ते आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्याने पहिली रायफल डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला आणि कडी झटक्यात ओढली. काडतूस उजव्या अंगाने उडालं आणि त्याच्या नाकासमोरून सणकन गेलं. त्याने पुन्हा केलं. पुन्हा. चौथ्यांदा ते त्याच्या गालावर आपटलं. अर्व्हिड दचकला. अठरा वर्षं करवतीपुढे उभा राहिलेला माणूस एवढ्याशा पितळेने दचकला, आणि आम्ही दचकलेलं पाहिलं याचा त्याला आणखी राग आला.

"बघत काय उभे राहिलात?" तो ओरडला. "एकच उरलाय माझ्याकडे!"

ती रायफल त्याने बाजूला सारली. दुसरी जुन्या धाटणीची, वरून उघडी. तिचं काडतूस सरळ वर उडून त्याच्या खांद्यामागे पडलं. त्याने वीस वेळा केलं. हळू, जोरात, वाकून, गुडघ्यावर बसून. मी जमिनीवरून काडतुसं वेचून त्याच्या हातात देत होतो. एकही तोंडाकडे आलं नाही.

"ही धाटणी," तो म्हणाला. "आता कुठल्या मापाच्या गोळीची घ्यायची ते."

लेस्टरला राहवलं नाही. "घेतोयसच तर फॉर्टी-फाइव्ह-सेव्हन्टीची घे. अस्वल समोर आलं तरी जागच्या जागी बसेल. पुरुषाची गोळी आहे ती."

"तुझ्या मागे अस्वल लागलंय का, लेस्टर? गेल्या दहा वर्षांत तू एक ससा तरी आणलास?" अर्व्हिड त्याच्याकडे वळला. "डॉक्टरने सांगितलंय, वर्षभर डोक्याला मोठा धक्का नको. ती तोफ एकदा झाडली की माझी डोळ्याची खोबण ठणकेल, आणि दुसऱ्या वेळी मी आधीच डोळा मिटून घेईन. उरलेला डोळा मिटला तर नेम काय नाकाने धरू?"

कुणीतरी हसलं. अर्व्हिड हसला नाही.

"थर्टी-फाइव्ह चालेल," बर्निस हळूच म्हणाली. "गोळी जाड, धक्का बेताचा. आपल्या झाडीत छान चालते."

"चांगली आहे. किती डबे आहेत तुझ्याकडे?"

"एक."

"पुढचे कधी येतील?"

"सांगता येत नाही."

"मला डाव्या खांद्याला पहिल्यापासून शिकवायचंय, बर्निस. शेकड्यांनी बार काढावे लागतील. एका डब्याने काय होणार? थर्टी-थर्टी दे. ती पेट्रोल पंपावरही मिळते. धक्का सोसवेल असा आहे. मी बसतो त्या दलदलीत देवदारं इतकी दाट, की साठ पावलांपलीकडे माझे दोन डोळे असतानाही काही दिसत नव्हतं. साठ पावलांवरच्या हरणाला ती पुरून उरते. दोनशे पावलांवरचं मी सोडून देईन. आणि दुर्बीण नको. दुर्बीण बसवली तर काडतूस तिला आपटून परत माझ्याकडेच येईल."

बर्निसने दहा डबे काढले. अर्व्हिडने एक उघडून गोळ्यांची टोकं अंगठ्याने चाचपली. नळीखालच्या नळकांड्यात ही काडतुसं एकामागे एक बसतात. टोकदार गोळी असली तर पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटून आतच बार व्हायचा. सगळी टोकं चपटी होती. तरी त्याने दहाही डब्यांतली तपासली. दुकानातल्या कुणावर, कशावर त्याचा विश्वास उरला नव्हता, आणि त्याला मी काय बोलणार?

फॉर्म भरून झाल्यावर बर्निस म्हणाली, "अर्व्हिड, मला माफ कर."

"आज नाही," तो म्हणाला आणि रायफल घेऊन बाहेर पडला. मला घरी सोडायचं नाव काढलं नाही. मी तीन मैल चालत आलो.

ते तीन मैल मला फार उपयोगी पडले.

ऑक्टोबरात राज्याचे निरीक्षक चौकशीला आले. शाळेच्या जेवणघरात टेबलं मांडली होती. डेलने शपथ घेतली आणि पुन्हा तेच सांगितलं. मग माझं नाव पुकारलं. मी म्हणालो, "माझी पाठ होती. पण करवतीला जाळी नव्हती. तीन आठवडे ती बॉयलरच्या शेडमागे पडली होती. मी रोज तिच्याजवळ उभा राहून सिगारेट ओढत होतो." माझ्यानंतर दोघांनी तसंच सांगितलं. डेलने तिघांकडे असं पाहिलं, जणू आम्हीच त्याचा डोळा काढला होता.

निकाल अर्व्हिडच्या बाजूने लागला. अहवाल खोटा ठरला, जाळ्या सक्तीच्या झाल्या. मला फळ्यांवरून काढून बाहेर बर्फात ओंडके मोजायला लावलं. आणि डेल? डेलची बदली झाली. नव्वद मैलांवरच्या दुसऱ्या मिलमध्ये, वरच्या जागेवर! हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातला कप मी भिंतीवर फेकला. माझ्या बायकोने पंचवीस वर्षांत मला असं करताना पाहिलं नव्हतं.

पंधरा नोव्हेंबरला अर्व्हिड दलदलीत त्याच्या जागी बसला. मी अर्ध्या मैलावर. सकाळी एक बार ऐकू आला, मागोमाग त्याच्या फिनिश मायबोलीतल्या शिव्या, अर्ध्या मैलावर ऐकू येतील अशा. सोपा नेम चुकला होता. एका डोळ्याला अंतर कळेना. पुढचे तीन दिवस तो दुपारी खाणीत जायचा आणि अंतरं मोजून डबे डबे रिकामे करायचा. पाचव्या दिवशी पुन्हा एकच बार झाला. शिव्या आल्या नाहीत. मी वाट बघितली आणि मग गेलो. चाळीस पावलांवर आठ टोकांच्या शिंगांचा नर पडला होता आणि अर्व्हिड त्याच्याजवळ बर्फात बसून, पट्टी वर करून, डोळा आणि खोबण दोन्ही पुसत होता.

"उभा काय राहिलास?" तो म्हणाला. "मागचे पाय धर."

त्या शनिवारनंतर तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मार्चमध्ये एका सकाळी तो माझ्या दारात आला. हातात गाडीची किल्ली.

"चालव तू. तिकडच्या वळणांवर मला उजवीकडचं दिसत नाही."

कुठे, हे मी विचारलं नाही. नव्वद मैल आम्ही धड दहा वाक्यं बोललो नाही. डेलच्या नव्या मिलच्या फाटकावर पाळी सुटायच्या वेळी पोचलो. अर्व्हिड खाली उतरला, पट्टी काढून खिशात ठेवली आणि मोकळी खोबण घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. माणसं बाहेर पडायला लागली. तो एकेकाला थांबवत होता.

"तुमच्या करवतीला जाळी आहे का? आत्ता, आज, आहे का? डेल क्रोझियरने काढायला सांगितली का?"

काही जण नजर चुकवून निघून गेले. एक म्हातारा कामगार थांबला. जेवणाचा डबा काखेत धरून त्याने अर्व्हिडच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"गेल्या सोमवारी काढली," तो म्हणाला.

अर्व्हिड माझ्याकडे वळून ओरडला, "व्हिक! कागद आण. हा काय सांगतोय ते लिहून घे, आणि या वेळी सगळं लिही."