पाहुण्यांना ऐकवलेला अमेरिकन ऑर्केस्ट्रा

रविवारी मला बघायला जळगावहून पाहुणे आले होते, आमच्या धुळ्याच्या घरी. मुलगा शिकलेला, नोकरी पक्की, आईला तर फोटोतच पसंत पडलेला...

आवड विचारली तर स्वयंपाक सांग, असं आईने बजावलं होतं. मी सरळ सांगितलं, ऑर्केस्ट्राचं संगीत ऐकते. स्थळ हातचं गेलं तरी चालेल, पण लग्नानंतर मला माझं ऐकू देणार की नाही, हे मला आजच कळायला हवं होतं.

मुलाचे मामा हौशी. "मग ऐकवा की!" म्हणाले. मी कसली मागे हटते... स्पीकर आणला आणि माझी सगळ्यात लाडकी रचना लावली. संगीतकार अमेरिकेतले, आपल्याच काळातले, अजूनही नवं लिहिताहेत.

आधी नुसते चेलो, अगदी हळू. मग व्हायोलिन्स थरावर थर चढवत जातात, मध्येच एकटं ट्रम्पेट, आणि बघता बघता अख्खी खोली भरून जाते. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो, तेव्हाही आला.

मुलाच्या आईने हळूच विचारलं, "यात गाणं कधी सुरू होतं?" मुलगा मोबाइल बघत होता.

मग ती जागा आली, जिथे सगळी वाद्यं एकदम थांबतात. मामांनी "छान, छान" म्हणत टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी सुटलो एकदाचे अशा थाटात पोह्यांच्या बशा उचलल्या. आई लगबगीने स्पीकर बंद करायला उठली...

तेवढ्यात कोपऱ्यातून आबा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "थांबा पाव्हणा. अजून सरेल नही शे. आते तर खरी मजा शे."

मी बघतच राहिले. "आवाज कमी कर" याच्यापुढे माझ्या संगीताबद्दल हा माणूस कधी काही बोललेला नाही! आणि खरंच, पुढच्याच क्षणाला ट्रम्पेट्सनी उसळी घेतली... आबांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरून होती. मुलाने मात्र शेवटपर्यंत मान वर केली नाही.

पाहुणे गेल्यावर आबांना विचारलं, तुम्हाला कसं माहीत? "रोज सकायले लावस तू. मी काय बहिरा शे का?" म्हणाले आणि पेपर उघडला.

जळगावचा निरोप अजून यायचाय. माझा मात्र तयार आहे... "नाही". आई रुसली आहे, आबा नुसतं "बरं" म्हणाले.

या घरात हे संगीत ऐकणारी मी एकटीच, असं इतकी वर्षं समजत होते. थँक यू, आबा.