पडद्यामागचा वजनकाटा

मेडशीजवळच्या एका गावात मी नर्स आहे. आमच्या तपासणी शिबिराची वर्षानुवर्षं एकच पद्धत होती. एकीनं काट्यापाशी उभं राहून वजनाचा आकडा ओरडायचा, दुसरीनं लांब टेबलावर तो रजिस्टरात लिहायचा. मधल्या रांगेत अर्धं गाव. ओरडायचं काम माझ्याकडे, कारण माझा आवाज खणखणीत. त्याचा मला अभिमानही होता.

मागच्या वर्षी एका प्रशिक्षणात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जाड माणूस आला की आधी त्याचं दुखणं ऐका, वजनावर मग या. लाजेपायी कुणी तपासणीच टाळायला नको." मी मनात म्हटलं, झालं, आता जाड्यांचे सत्कार तेवढे करायचे राहिले. पण माझा चौकस स्वभाव गप्प बसू देईना. करून तर बघू, म्हणून मी काटा पडद्यामागे नेला आणि ओरडणं बंद केलं.

आठवड्याभरात गावभर झालं, नर्सबाई म्हणते, खा-प्या, लठ्ठ व्हा, काही होत नाही. पानठेल्यावर एकानं मला थांबवून विचारलं, "बाई, मंग आता तेल-साखर जोरात चालू द्याची ना?"

"रक्तात साखर किती हाय ते पाहाले या आधी," मी म्हटलं. तो हसला. आला काही नाही.

कुणाला लाजवायचं नाही, म्हणजे आजाराला मोकळं सोडायचं, असा अर्थ लोक का लावतात, याचं मला कोडं पडलं. आधी माझ्याही डोक्यात तोच अर्थ आला होता की.

शेजारच्याच घरात माझी मोठी जाऊ राहते. अंगानं भरलेली. तिच्या पायाची जखम महिनाभर भरत नव्हती, घशाला सारखी कोरड पडायची, आणि तरी शिबिराचं नाव काढलं की तिला नेमकं शेतात काम निघायचं. मला साखरेची धास्ती होती. एकदा दोघी तूर निवडत होतो, तेव्हा मी विचारलंच, "तुमी तपासाले काहून येत नाई?"

"मले कायले बोलावून राह्यली? जाडेपण चांगलं हाय म्हणे आता."

"असं मी कधी म्हटलं नाई. निसता आकडा वरडत नाई आता."

तिचे हात थांबले. "तीन साल झाले. तू काट्यापाशी वरडली, ब्याण्णव. मांगून कोणी म्हणलं, सोयाबीनचं पोतं हाय. समदे हासले. तू बी हासली."

मला ते आठवेना. अगदी काहीच आठवेना, आणि त्याचीच फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी साखर तपासायचं यंत्र पिशवीत घालून मी तिच्या चुलीपाशी जाऊन बसले. वजनाचं नाव काढलं नाही. चुकलं म्हटलं, ते तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भाकरी थापून झाल्यावर पदराला हात पुसले आणि बोट पुढं केलं.

"हा बी आकडा वरडशीन का?"

यंत्रावर आकडा आला, भीती होती तेवढाच मोठा. घरात आम्ही दोघीच होतो, तरी तो मी तिच्या कानात सांगितला.